परदेशातलं एक सत्र : पैसा कोणाचा, अट कोणती, आणि परत येऊन काय?



बीबीए, बीकॉमला गेलेली आपल्या माळेगाव बुद्रुकची पोरं हल्ली घरी एक नवीन शब्द घेऊन येतात, 'सेमिस्टर अब्रॉड'. म्हणजे पदवी इथलीच, फक्त मधलं एक सत्र, चार-सहा महिने, परदेशातल्या विद्यापीठात. घरात पहिला प्रश्न येतो, "किती लागतील?" दुसरा येतो, "उसाचं बिल कधी जमा होतंय?" आणि तिसरा बहुतेक वेळा राहूनच जातो, तो म्हणजे तिथून शिकून आल्यावर त्याचं करायचं काय?

हे तिन्ही प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही होतेच. म्हणून आज थोडा इतिहास. पोस्ट मोठी झालीय, पण घरात कॉलेजचं पोरगं-पोरगी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

पहिली गोष्ट बाबासाहेबांची. आपण त्यांना घटनाकार म्हणून ओळखतो, पण परदेशात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. त्याआधी करारावर सही घेतली, की शिक्षण झालं की दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून 1915 ला एम.ए. झाले. 1916 ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 ला अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं.

करार केलेला, म्हणून ते बडोद्याला नोकरीवर गेले. तिथं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कोलंबियाची पदवी घेऊन आलेल्या माणसाला जातीमुळे राहायला खोली मिळेना, पारशी सराईतूनही बाहेर काढलं. शेवटी नोकरी सोडून मुंबई गाठली. 1918 ला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. हे कॉलेज 1913 ला सुरू झालेलं, खास कॉमर्सचं. तिथल्या पगारातून पैसे बाजूला काढले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून उसने घेतले आणि 1920 ला पुन्हा लंडन. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून 1923 ला डी.एस्सी. घेतली.

ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण तिच्यातला हिशोबही बघा. पैसा आणि मुदत संपली, तेव्हा एवढ्या हुशार विद्यार्थ्यालाही मधेच परत यावं लागलं, आणि राहिलेलं शिक्षण पूर्ण व्हायला पुढं सहा वर्षं गेली.

दुसरी गोष्ट घरच्या पोराची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 ला किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर बनवले. त्यांचा मुलगा शंतनुराव 1922 ला अमेरिकेत एमआयटीला गेला, 1926 ला मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आला आणि वडिलांच्याच कारखान्यात कामाला लागला. पुढे 1946 ला पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स उभी राहिली. आपल्या भागात विहिरींवर जी डिझेल इंजिनं धडधडायची, त्यातली कितीतरी किर्लोस्करची होती, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा. इथं परत येऊन काय करायचं हा प्रश्न अवघड नव्हता, कारखाना समोरच होता.

तिसरी गोष्ट थेट आपल्या दाराशी येते. धनंजयराव गाडगीळ, जन्म 1901. केंब्रिजला शिकले. भारतातले उद्योग कसे वाढले यावरचं त्यांचं पुस्तक 1924 साली आलं, म्हणजे लेखकाचं वय तेवीस. 1930 ला पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली, तिचे ते पहिले संचालक. इथपर्यंत एखाद्या विद्वानाची गोष्ट वाटते. पण नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांना गोळा करून स्वतःचा साखर कारखाना काढायला निघाले, तेव्हा गाडगीळ त्यांच्या सोबत उभे राहिले. प्रवरेच्या त्या सहकारी कारखान्याचे पहिले अध्यक्ष हेच केंब्रिजचे गाडगीळ. कारखान्याचं पहिलं गाळप 1950-51 च्या हंगामात झालं.

आता हे आपल्याशी कसं जोडलं जातं बघा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आपल्याकडे इंग्रजांच्या काळातच आलं. पाण्यामागून ऊस आला. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा कारखाना 1930 च्या दशकात निघाला, पण तो खासगी. ऊस शेतकऱ्याचा आणि कारखानाही शेतकऱ्याचाच, हे प्रवरेनं करून दाखवलं, आणि त्या वाटेनं मग महाराष्ट्रभर कारखाने निघाले. शिवनगरचा आपला माळेगाव सहकारी साखर कारखाना त्याच वाटेवरचा. म्हणजे आज ज्या उसाच्या बिलावर पोराचं परदेशातलं सत्र ठरतं, त्या बिलामागच्या व्यवस्थेत परदेशात शिकून आलेल्या एका माणसाचा हात आहे. विखे पाटलांना शेतकरी माहीत होता, गाडगिळांना अर्थशास्त्र. दोघं एकत्र आले म्हणून काम झालं. नुसत्या केंब्रिजनं झालं नसतं.

आता आजचं बोलू.

सयाजीरावांसारखा पाठीराखा आज कोण? राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. केंद्राची परदेश शिष्यवृत्तीही तशीच, पदवीनंतरची. बीबीएच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात एक सत्र बाहेर जाणारं पोरगं यात कुठंच बसत नाही. मग घरचा पैसा, नाहीतर कर्ज. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की बँक सहसा तारण मागते, आणि मग नजर जाते घराकडे, प्लॉटकडे.

म्हणून दोन वाटांमधला फरक नीट समजून घ्या. एका वाटेत आपलं कॉलेज किंवा विद्यापीठ आणि तिकडचं विद्यापीठ यांच्यात करार असतो. फी आपण इथलीच भरतो, तिकडची शिकवणी फी सहसा माफ असते, राहण्या-खाण्याचा खर्च आपला. युरोपात 1987 पासून चालू असलेली इरास्मस योजना आहे. तिच्यात करार असेल तर निवडलेल्या आपल्या विद्यार्थ्यालाही राहण्याचा भत्ता मिळू शकतो. दुसऱ्या वाटेत करार नसतो, तिकडची पूर्ण फी भरायची आणि क्रेडिट इथं धरतील का, हे देवाच्या भरवशावर.

क्रेडिटचं गणितही वेगळं आहे. युरोपात एका सत्राचे 30 क्रेडिट, आपल्याकडे साधारण 20 ते 22. तिकडचा कोणता पेपर इथल्या कोणत्या पेपरऐवजी धरणार, हे जाण्याआधी लेखी घ्या. तारखाही बघा. जर्मनीचं हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं आणि परीक्षा फेब्रुवारीपर्यंत चालतात, तोवर इथलं पुढचं सत्र सुरू झालेलं असतं. हे आधी जुळवलं नाही तर सहा महिन्यांसाठी वर्ष जातं. त्यामुळे तयारी वर्ष-दीड वर्ष आधी लागते.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी मिळून मागण्यासारखी आहे. शिवनगर विद्या प्रसारक मंडळ आपल्याच गावात आहे, कारखाना आपला आहे, तालुक्यात मोठमोठ्या शिक्षणसंस्था आहेत. परदेशी विद्यापीठांशी करार करायला 2022 च्या यूजीसी नियमांनी वाट थोडी मोकळी केलीय. ती वाट आपल्या पोरांपर्यंत यावी, आणि दरवर्षी दोन-चार गरजू, हुशार पोरापोरींसाठी एक छोटा निधी उभा राहावा. सयाजीरावांसारखी त्यालाही अट असू द्या, पण दहा वर्षांची नको. परत येऊन एक वर्ष कारखान्याच्या, सोसायटीच्या नाहीतर शेतकरी कंपनीच्या हिशोबात, विक्रीत काम करायचं, एवढंच. साखर, इथेनॉल, द्राक्षं, डाळिंबं, सगळं आज जगाच्या बाजाराशी बांधलेलं आहे. तो बाजार आतून बघून आलेलं माणूस आपल्याला हवंच आहे. फक्त ते परत आल्यावर त्याला बसायला खुर्ची आणि ऐकायला माणसं हवीत. बडोद्यात जे झालं ते आपल्याकडे कुणाच्याही वाट्याला यायला नको.

कारखान्याच्या पुढच्या सभेत हा विषय कुणी काढणार असेल तर मी सोबत आहे. तुमचं मत काय, खाली लिहा.