अर्ध्या तासाची विश्रांती



कामाच्या जागी मन स्थिर ठेवण्याच्या विद्येचा हल्ली फार बोलबाला आहे. मोठमोठ्या कंपन्यांत तिला 'माइंडफुलनेस' म्हणतात. डोळे मिटून बसावे, श्वासाकडे लक्ष द्यावे, मनात येईल ते न झिडकारता पाहावे. चळवळीतली काही मंडळी ही अफूची गोळी म्हणून झटकून टाकतात; मालकमंडळी हीच संजीवनी म्हणून मिरवितात. आम्हांस दोन्ही मते अपुरी वाटतात. या विद्येचा इतिहासच पाहावा, म्हणजे खरे काय ते उमगेल.

१९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन हे तेथील महालेखापाल झाले. हिशेबखात्यातले हे गृहस्थ विपश्यनेचे जुने साधक. त्यांनी रंगूनच्या आपल्या कचेरीतच साधना शिकविली आणि १९५० साली कचेरीतील साधकांचे मंडळ काढले. तेथे कारभार चोख झाला, असे त्यांचे शिष्य सांगत. मात्र तेथे साहेब आधी स्वतः साधक होता, हे विसरून चालणार नाही.

त्यांचेच शिष्य सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले आणि १९७६ साली इगतपुरीस धम्मगिरी सुरू झाली. दहा दिवसांचे शिबिर, मुक्काम तेथेच, मौन कडक. पुढे महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजेची सवलत दिली. म्हणजे काय झाले? मन शांत करण्याआधी माणसाला वेळ द्यावा लागला.

आणि हा वेळ कामगाराला कोणी दान दिलेला नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या. मागण्या साध्या होत्या : रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली. १८९१ च्या कायद्याने दुपारचा अर्धा तासही आला. त्या अर्ध्या तासात कामगार भाकरी खाई, पाठ टेकी. पहिले ध्यान ते हेच, असे आम्ही म्हणतो.

आता विलायतेकडे पाहा. तेथील २३३ संस्थांतील ४६,३३६ नोकरदारांची पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. ध्यानाचे वर्ग वा ताण सोसण्याचे शिक्षण घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा सुखी आढळले नाहीत. एका पाहणीने विद्या खोटी ठरत नाही. पण कामाचा बोजा तोच ठेवून बोजा वाहणाऱ्याचे मन तेवढे दुरुस्त करू पाहणे कितपत फळते, हे त्यावरून दिसते.

हे सारे उमापुरात कशासाठी सांगावयाचे? कारण आपल्या भागातून कोयते दरवर्षी कारखान्यांच्या वाटेला लागतात. उचल घेतलेली असते, मुकादम डोक्यावर असतो, आणि एक दिवस अंग टाकले की खाडा! २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. खाड्याचा धाक हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. ज्या बाईला पोटदुखीचा दिवसही विकत घ्यावा लागतो, तिला श्वासाकडे लक्ष दे म्हणून कोणत्या तोंडाने सांगावे?

आम्ही ध्यानाचे वैरी नाही. फडात कोयता चालविताना, रात्री मोळ्या वाहताना अवधान सुटले तर काय होते, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. पण थकल्या देहात अवधान टिकत नाही. म्हणून क्रम उलटा लावू नये. आधी खाडा जावा, हक्काची सुटी यावी, लोखंड्यांचा तो अर्धा तास फडापर्यंत पोहोचावा. मग डोळे मिटून बसावयास आमची माणसे कोणाच्याही आधी येतील.