पत आणि पारख



‘उधारीचें पोतें सव्वा हात रितें’ ही म्हण आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. उधार घेणाऱ्यास माल कधींच पुरतेपणीं मिळत नाहीं, हा तिचा अर्थ. ही झाली गिऱ्हाइकाची बाजू. दुकानदाराच्या बाजूनें पाहिलें तर तो सव्वा हात म्हणजे त्यानें पत्करलेल्या जोखमीचें मोल होय. समोरचा मनुष्य पैसे फेडील कीं नाहीं, हें आज कळत नाहीं. तें सहा महिन्यांनीं कळावयाचें, आणि माल तर आजच हातचा जावयाचा. म्हणून उधार देण्यापूर्वीं मनुष्य पारखणें प्राप्त होतें. ही पारख कोणीं केली, कशाच्या आधारें केली आणि ती चुकली तर नुकसान कोणाचें झालें, या तीन प्रश्नांच्या अनुरोधानें सातारा-सांगलीकडील देवघेवीचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. हे दोन जिल्हे एकत्र घेण्याचें कारण असें कीं, आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांतच मोडत होता. उरलेला बहुतेक सांगली, मिरज, जत अशा संस्थानांचा होता.

आपल्या भाषेंत ‘पत’ या एकाच शब्दानें मनुष्याची अब्रू आणि त्याची उधारीची योग्यता या दोन्ही गोष्टींचा बोध होतो. आपल्या पूर्वजांनीं या दोन गोष्टी वेगळ्या मानल्याच नाहींत, आणि त्यास कारणही तसेंच होतें.

प्रथम अठराव्या शतकांतील एक उदाहरण पाहूं. साताऱ्याजवळील धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे पहिल्या बाजीराव पेशव्यांचे गुरु म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु ते त्या काळचे एक मोठे धनकोही होते. पेशव्यांच्या मोहिमांना लागणारा पैसा बहुधा कर्जाऊ उभा करावा लागे, आणि त्यांतील कांहीं स्वामींकडून येई. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं स्वामींचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला आहे. त्यांत उपदेशाबरोबरच देण्याघेण्याचाही मजकूर आढळतो. स्वामींजवळ ऋणको पारखण्याचें साधन कोणतें होतें? तर त्यांची ओळख. कोणता सरदार कोठें स्वारीवर आहे आणि त्याच्या हातीं काय लागलें, हें त्यांना पत्रांवरून कळत असे. आणि गुरूचा रोष ओढवून घेण्यास शिष्य सहसा धजत नसे. १७४५ सालीं स्वामी समाधिस्थ झाले.

दरबारची गोष्ट सोडून खेड्यांत आलों, तरी पद्धत तत्त्वतः निराळी नव्हती. गांवचा सावकार शेतकऱ्याला बीं-बियाणें, बैल, लग्नकार्य यांसाठीं पैसा देई आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन धान्य घेई. त्याची खरी वही त्याच्या डोळ्यांत होती. दावणीला बैल किती, विहिरीचें पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतें, घरांत राबते हात किती, उपवर मुली किती, आणि बापानें आपल्या हयातींत देणें कसें फेडलें, हें सारें त्याला ठाऊक असे. बाहेरगांवच्या व्यवहाराला हुंडी असे. तिच्यांतही माणसाची पारख होतीच. ‘शहाजोग’ हुंडीचे पैसे कोणाही उपटसुंभाच्या हातीं पडत नसत. बाजार ज्याला शहा, म्हणजे पतदार, मानी त्याच्याच हातीं ते दिले जात.

हा सावकार दयाळू होता, असें मात्र कोणीं समजूं नये. तो तगादा लावी, दारीं धरणें धरी. पण ऋणकोची जमीन विकून घेणें त्याला सहसा साधत नसे. शिवाय दामदुपटीचा नियम होता. व्याज कितीही तुंबलें तरी तें मुद्दलाच्या पलीकडे एका वेळीं वसूल करतां येत नसे. तात्पर्य, ऋणको बुडाला तर धनकोही बुडे. म्हणून पिकांतून फिटेल तेवढेंच कर्ज तो बेतानें देई.

१८४८ सालीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें आणि इंग्रजी कायदा आला. मोजणी होऊन जमीन खातेदाराच्या नांवें लागली. ती गहाण टाकतां येऊं लागली, विकतां येऊं लागली. १८५९ सालीं दिवाणी कामाचा कायदा व मुदतीचा कायदा असे दोन कायदे झाले. या सर्व सुधारणाच म्हणावयाच्या. पण त्यांचा एकत्रित परिणाम असा झाला कीं, सावकाराला माणूस पारखण्याची गरज उरली नाहीं. अंगठा उठविलेला रोखा हातीं असला कीं कोर्टाचा हुकूमनामा मिळे, आणि हुकूमनाम्यावर जमीन मिळे. याच सुमारास अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाचे भाव चढले, जमिनीला मोल आलें आणि कर्ज सढळ हातानें मिळूं लागलें. युद्ध संपलें, भाव कोसळले. रोखे मात्र राहिले.

मुदतीच्या कायद्याचा परिणाम फळ्यावर हिशेब मांडून दाखविण्यासारखा आहे. साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांची. हेतु असा कीं, जुनें घोंगडें कोर्टांत येऊं नये. सावकारानें काय करावें? तीन वर्षें पुरीं होण्यापूर्वीं व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा लिहून घ्यावा. दरमहा शेंकडा २ या दरानें १०० रुपयांचे तीन वर्षांनीं १७२ होतात. १७२ चा नवा रोखा झाला कीं सहाव्या वर्षाअखेर सुमारें २९६, आणि नवव्या वर्षाअखेर सुमारें ५०९. दामदुपटीनें हाच आंकडा २०० वर थांबला असता. पण प्रत्येक नव्या रोख्याबरोबर मुद्दलच नवें होत गेल्यामुळें दामदुपटीचें कुंपण आपोआप मोडलें. येथें धनकोचा लाभ ऋणकोनें कर्ज फेडण्यांत राहिला नाहीं; तें न फेडण्यांत राहिला. आणि ज्याला गिऱ्हाईक बुडाल्यानेंच फायदा होतो, तो पारख कशाला करील?

याचें उत्तर शेतकऱ्यांनीं १८७५ सालीं दिलें. मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं दंगा झाला आणि तो पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. सातारा जिल्ह्यांत त्याची ठिणगी पडली ती सप्टेंबरांत, वारणेकांठच्या कोकरूड गांवीं. आज तें सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यांत आहे. या दंग्यांतील लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, जमावाचा रोख मुख्यतः सावकाराच्या दप्तरावर होता. रोखे मागावे, ते जाळावे आणि परत फिरावें, असा बहुतेक ठिकाणचा प्रकार. जेथें कागद निमूटपणें मिळाले तेथें अंगावर हात टाकण्याचे प्रसंग फारसे आले नाहींत. शेतकऱ्यांनीं आपला शत्रु बरोबर ओळखला होता: माणसाच्या जागीं येऊन बसलेला कागद.

सरकारनें चौकशी मंडळ नेमलें, आणि १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यानें न्यायाधीशाला रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, मुदत वाढविली, दस्तऐवजाची नोंदणी आवश्यक केली आणि कर्जासाठीं शेतकऱ्याला कैदेंत टाकणें बंद केलें. कायदा हितबुद्धीचा होता. पण सावकारांनीं हात आंखडला, आणि पुष्कळ ठिकाणीं गहाणखताऐवजीं सरळ खरेदीखतच लिहून मागितलें. अन्याय रोखणें कायद्याला साधतें. विश्वास उत्पन्न करणें त्याला साधत नाहीं.

विश्वासाची व्यवस्था लावण्याचा प्रयत्न झाला तो १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यानें. याचें मूळ जर्मनींत रायफायझन यानें काढलेल्या ग्रामीण पतपेढ्यांत आहे. एका गांवांतील दहा माणसांनीं एकत्र यावें, पेढी काढावी आणि तिच्या देण्याला प्रत्येकानें आपल्या सर्व मालमत्तेनिशीं जबाबदार राहावें, अशी ही योजना. खेड्यांतील पेढीला ही अमर्याद जबाबदारी लागू होती. हिच्यांतील मर्म पाहा. अर्जदाराची पारख त्याचे शेजारी करणार. तो बियाण्यासाठीं पैसे मागतो कीं जत्रेसाठीं, हें त्यांना ठाऊक. आणि निवाडा चुकला तर झळ त्यांच्याच घराला. ज्ञान आणि जोखीम या दोन्ही गोष्टी पुन्हां एका ठिकाणीं आल्या. परंतु पुढें जबाबदारी मर्यादित झाली, पंच आणि अर्जदार यांचीं नातींगोतीं आड आलीं, आणि कित्येक ठिकाणीं पारख नांवाला उरली. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणींत असें दिसून आलें कीं, शेतकऱ्याच्या एकंदर कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा शेंकडा तीनच्या आसपासच होता.

सांगलीच्या हळदपेठेंत निराळी वाट निघाली. हळदीचें पीक आठनऊ महिने रानांत असतें. तोंवर शेतकऱ्याला अडत्याकडून उचल घ्यावी लागते. अडत्या पाहतो तें हें कीं, या घरचा माल गेल्या वर्षीं, त्याच्या आधल्या वर्षीं आपल्याच दुकानीं आला होता कीं नाहीं. माल निघाल्यावर तो हरिपुराजवळच्या पेवांत जाई. पेंव म्हणजे जमिनींत खोदलेली खोल कोठी. तोंड बुजविल्यावर आंत हवा खेळत नाहीं, म्हणून हळदीला कीड लागत नाहीं. अशा साठ्यावर व्यापाऱ्याला पैसा उभा करतां येई. येथें मनुष्य आणि माल दोन्ही धनकोच्या नजरेसमोर असत. तरी तारण म्हणजे अढळ गोष्ट नव्हे. २००५ च्या महापुरांत पाणी शिरून कित्येक पेवें निकामी झालीं.

बँकांचाही उदय याच मातींत झाला. १९१६ सालीं सांगली बँक निघाली. १९३६ सालीं साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांच्या पुढाकारानें युनायटेड वेस्टर्न बँक निघाली. दोन्ही बँका मोठ्या झाल्या, आणि पुढें पहिली २००७ सालीं आयसीआयसीआय बँकेंत, तर दुसरी २००६ सालीं आयडीबीआय बँकेंत विलीन झाली.

आज पारख करतो तो आंकडा. २००० सालीं मुंबईस सिबिल ही संस्था निघाली, आणि २००५ सालीं पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आपण कोणतें कर्ज घेतलें, हप्ते वेळेवर भरले कीं नाहीं, यावरून ३०० ते ९०० या दरम्यान एक गुणांक निघतो आणि तो पाहून कोसों दूरचा अधिकारी निर्णय देतो. यांत न्याय आहे, हें नाकबूल करतां येणार नाहीं. हा आंकडा कोणाची जात विचारीत नाहीं, आणि गांवांतल्या वैराची त्याला बाधा होत नाहीं. शेजाऱ्याची पारख नेहमींच निष्पक्षपाती असे, असें कोण म्हणेल? पण जिनें आयुष्यभर किराणा दुकानाचें देणें दिवस न चुकवितां फेडलें आणि बँकेचें कर्ज कधींच घेतलें नाहीं, अशा बाईची सचोटी या आंकड्याला दिसत नाहीं. आणि कोष्टकांत चूक झाली तर तिची झळ लागते ती कोष्टक करणाऱ्याला नव्हे, अर्जदाराला. म्हणून प्रत्येकानें आपला पत-अहवाल मागवून वाचावा. २०१७ पासून तो वर्षांतून एकदां विनामूल्य मिळतो, आणि त्यांतील चूक दुरुस्त करून मागण्याचा हक्क कायद्यानें दिलेला आहे.

कोकरूडच्या लोकांपाशीं तो हक्क नव्हता. आपल्या नांवावर काय लिहिलें आहे तें त्यांना वाचतां येत नव्हतें, आणि वाचतां येत असतें तरी दुरुस्त करतां येत नव्हतें. म्हणून त्यांनीं कागद जाळले. पतीची पारख रोख्यानें होवो, शेजाऱ्यानें होवो अथवा यंत्रानें होवो. जिचा निवाडा चुकला असतां पारख करणाऱ्यालाही कांहीं गमवावें लागतें, आणि जिचा पुरावा ऋणकोला स्वतः वाचतां येतो, तीच पारख खरी. एरवीं तें नुसतें लिहिणें होय.