भाकरीचे वेळापत्रक

जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला नाणेघाट आणि पूर्वेला आणे. नाणेघाटाकडे धो धो पाऊस, त्यामुळे भात, नाचणी, वरई. आणे पठार पर्जन्यछायेत, तिथे बाजरी. घरात काय शिजणार हे पूर्वी पाऊसच ठरवत असे. पण घरातल्या माणसांनी कधी उठायचे, हेही धान्य ठरवत असे. ते कसे?

बाजरीत सुमारे ५ टक्के स्निग्धांश असतो, गव्हाच्या दुपटीहून अधिक. दाणा अखंड असेपर्यंत तो टिकतो. दळला की दाण्यातले लायपेज हे विकर स्निग्धांशाचे विघटन करू लागते आणि थोड्याच दिवसांत पीठ कडू होते. पीठ साठवता येत नाही, म्हणजे दळण रोजचे! गिरणी येण्यापूर्वी बाईचा दिवस पहाटे जात्यावर सुरू होई. मग न्याहारी, दुपारी शेतावर भाकरी, दिवेलागणीनंतर रात्रीचे जेवण. पुरुष आणि मुले आधी जेवत. टोपल्यात उरेल ते बाईचे. सर्वांत आधी उठणारी सर्वांत शेवटी जेवे.

भाकरीबरोबर हुलगे किंवा मटकीची आमटी. बाजरीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, कडधान्य ते पुरवते. आण्याला रंगदासस्वामींच्या यात्रेत आजही प्रसाद असतो तो आमटी-भाकरीचाच.

याच काळात दूर आयर्लंडमधली गरीब कुटुंबे उकडलेले बटाटे आणि ताक यांवर जगत होती. बटाटा पोषक, पण बहुतेकांच्या शेतात एकच वाण. १८४५मध्ये करपा आला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली.

आपल्याकडे बाजरीच्या शेतात तूर, मटकी, हुलगा मिसळून पेरत. एक पीक रोगाने गेले तरी दुसरे हाती लागे. पाऊसच आला नाही, तर मात्र सगळीच पिके जात. १९७२च्या दुष्काळात रेशनवरचा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर अनेक घरे तगली.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एका बरणीत बाजरी, दुसरीत तिचे ताजे पीठ ठेवा. रोज वास घेऊन नोंद करायची. आणि मुलांना घरी आजीला एक प्रश्न विचारायला सांगा : तुमच्या घरी शेवटी कोण जेवत असे? पिठाचा प्रश्न गिरणीने सोडवला. हा दुसरा सुटला आहे का, तेही मुलांनाच पाहू द्या.