शेळी, झुडूप आणि जंत

आषाढ-श्रावणात कयाधूच्या काठी कोवळे गवत उगवते. हिंगोलीकडच्या शेळ्यांना मलूलपणा येतो तोही याच दिवसांत. मग जबड्याखाली पाणी भरते आणि एखादी शेळी दगावते. ज्या घरी शेळी हीच बँक, त्या घरचा हंगाम असा बुडतो.

बहुतेक वेळा कारण असते चौथ्या जठरातला, दोऱ्यासारखा हिमाँकस कंटॉर्टस. रुडोल्फी या शास्त्रज्ञाने १८०३ साली त्याचे वर्णन केले. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. हजार जंत असले तर रोज ५० मिलिलिटर! दक्षिण आफ्रिकेत व्हेग्लियाने १९१५ साली त्याचे जीवनचक्र सविस्तर मांडले. लेंडीतली अंडी फुटतात, ओल व ऊब असल्यास आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि ओल्या गवतावर चढतात.

आपल्याकडे १८८९ साली पुण्यात पशुरोगांची प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवली. तिथल्या जी. डी. भालेराव यांनी १९३५ साली भारतातील पाळीव जनावरांच्या कृमींवर ग्रंथ लिहिला. शत्रू कोण हे कळले होते; औषध हवे होते. १९६१ साली थायाबेंडाझोल आले. सर्वांना हायसे वाटले, पण १९६४ मध्येच अमेरिकेतून त्याला न जुमानणाऱ्या जंतांची बातमी आली.

या साऱ्यात शेळीकडे कुणी फारसे पाहिलेच नाही. औषधांच्या मात्रा ठरल्या त्या मेंढीवर. शेळीचे शरीर ही औषधे लवकर बाहेर टाकते; तीच मात्रा तिला अपुरी पडते आणि चिवट जंत तेवढे मागे उरतात. शिवाय शेळी मुळात बोरी-बाभळीचा पाला खुडणारी. अळ्या असतात गवताच्या बुडाशी, चार बोटे उंचीपर्यंत. झुडपावर तोंड टाकणाऱ्या प्राण्याला या जंताशी झुंजण्याची सवय मेंढीइतकी लागलीच नाही. तिलाच आपण झुडपे तोडून, ओलसर आखूड गवतावर दाटीने चारतो! सर्वांत आधी बळी पडतात करडे आणि नुकत्याच व्यालेल्या शेळ्या.

दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात एक साधी रीत निघाली: खालची पापणी ओढून आतला रंग पाहायचा आणि फिकट दिसेल त्याच जनावराला औषध द्यायचे. बाकीच्यांच्या पोटातले, औषध न पाहिलेले जंत टिकतात, म्हणून चिवटांचे राज्य लांबते. मात्र फिकट पापणी यकृतातल्या चपट्या कृमीमुळेही दिसते. तेव्हा लेंडी तपासून घ्यावी.