नावबदलाची राजपत्र सूचना व विवाह नोंदणी : बोईसर-तारापूर परिसर

नाव बदलल्याची सूचना महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये प्रसिद्ध करून घेणे आणि झालेला विवाह स्थानिक निबंधकाच्या नोंदवहीत चढवणे, या दोन स्वतंत्र शासकीय प्रक्रिया आहेत. पहिली शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाच्या अखत्यारीत येते, तर दुसरी ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिकेच्या. पालघर तालुक्यातील बोईसर आणि तारापूर औद्योगिक क्षेत्राभोवतीच्या गावांत या दोन्हींची एकाच घराला एकाच वेळी गरज पडणे नित्याचे आहे. इथल्या घरांत मासेमारी करणारी, शेती करणारी, आदिवासी आणि परप्रांतांतून कारखान्यांत आलेली माणसे आहेत. त्यांची कागदपत्रे वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या लिप्यांत आणि वेगवेगळ्या नामपद्धतींत तयार झालेली असतात.

बोईसर हे पश्चिम रेल्वेवरील स्थानक. लोकसंख्येने आणि बाजारपेठेने ते शहरासारखे असले, तरी कारभार ग्रामपंचायतीचा आहे. 'तारापूर एमआयडीसी' हा पत्ता पगारपत्रकावर आणि ओळखपत्रावर सर्रास असतो. पण तारापूर हे मूळ गाव पश्चिमेला समुद्राकाठी आहे आणि औद्योगिक क्षेत्र बोईसर, सरावली, सालवड, पास्थळ, कुंभवली, कोलवडे अशा अनेक गावांच्या जमिनींवर पसरले आहे. विवाह नोंदणीसाठी अर्जदाराची खोली वा चाळ कोणत्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते, हे आधी ठरवावे लागते. रस्त्याच्या एका बाजूची चाळ एका ग्रामपंचायतीत आणि समोरची दुसरीत असू शकते. नवख्या कामगाराचा पहिला हेलपाटा बहुधा इथेच होतो.

जिल्ह्याचे नावही बदललेले आहे. एकोणिसाव्या शतकात हा भाग ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात मोडत असे. पुढे तालुका पालघर या नावाने ओळखला जाऊ लागला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर, वसई, डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा आणि वाडा हे आठ तालुके वेगळे करून पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा झाला. त्याआधीचे जन्मदाखले, शाळेचे दाखले आणि राजपत्रातील सूचना यांवर 'जिल्हा ठाणे' असे असते. यात चूक काहीच नाही. तो त्या काळचा खरा पत्ता आहे आणि केवळ जिल्हा बदलला म्हणून कोणालाही जुना दाखला दुरुस्त करून घेण्याची गरज नाही.

राजपत्र, भाग दोन : राजपत्राच्या या भागाला 'संकीर्ण सूचना व जाहिराती' असे शीर्षक असते. तो आठवड्याचा अंक असून त्यावर गुरुवार ते बुधवार असा सप्ताह आणि इसवी सनाबरोबर शक संवताची तारीख छापलेली असते. नाव, जन्मदिनांक आणि धर्म बदलल्याच्या सूचना यात येतात. प्रत्येक सूचनेत जुने नाव, नवे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक एवढाच मजकूर असतो. बदलामागचे कारण वाचकाला कळत नाही. लग्न, घटस्फोट, दत्तकविधान, धर्मांतर, नकोसे आडनाव टाकणे किंवा एखाद्या अक्षराची चूक, सारे एकाच साच्यात बसते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात ज्या अनेक कुटुंबांनी जातीची खूण अंगावर वागवणारी नावे सोडली, त्यांच्यासाठी असा छापील पुरावा मोलाचा होता.

पूर्वी त्यासाठी मुंबईत चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात खेटे घालावे लागत. आता अर्ज ऑनलाइन भरता येतो, त्यामुळे बोईसरकर तो महा ई-सेवा केंद्रातून किंवा सायबर कॅफेतून भरतात. जुन्या नावाचा पुरावा, छायाचित्र, सही आणि बदलाच्या कारणाचा कागद जोडावा लागतो: लग्न असेल तर विवाह प्रमाणपत्र, घटस्फोट असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा. अज्ञान मुलाच्या वतीने पालक अर्ज करतात. प्रसिद्ध झालेला अंक संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो. त्याच्या छापील प्रती सांभाळून ठेवणे शहाणपणाचे, कारण पुढे दहा ठिकाणी तोच कागद मागितला जातो.

या सूचनांच्या माथ्यावर एक टीप असते आणि ती फार थोडे लोक वाचतात. सूचनांतील मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही. त्या संबंधितांच्या अर्जावरूनच, कागदपत्रांची पडताळणी न करता छापल्या जातात, असा तिचा आशय आहे. राजपत्रात नाव आले म्हणजे सरकारने नाव मंजूर केले, हा समज त्यामुळे टिकत नाही. बदल माणूस स्वतः करतो. राजपत्र तो जाहीर करते आणि तारखेनिशी जपून ठेवते. जुन्या नावाचा माणूस आणि नव्या नावाचा माणूस एकच आहे, हे दाखवणारा दुवा म्हणून सूचनेची किंमत आहे. वारसाहक्क, जात, वय किंवा नागरिकत्व यांतले काहीही ती सिद्ध करत नाही. जातीच्या दाखल्यासाठी केवळ बदललेल्या आडनावाचे राजपत्र पुढे करणाऱ्याला म्हणूनच रिकाम्या हाताने परतावे लागते. तिथे वडील-आजोबांच्या शाळेच्या आणि महसुली नोंदी लागतात.

नाव धारण करण्याचा अधिकार मात्र याहून मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जिग्या यादव विरुद्ध केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ या प्रकरणात स्वतःच्या नावावरील नियंत्रण हा संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एकदा लिहिलेले नाव दगडावरची रेघ समजणाऱ्या कार्यालयांना हा निकाल दाखवण्याजोगा आहे.

केंद्र सरकारच्या नोकरांसाठी वेगळी वाट आहे. तारापूर येथे १९६९ पासून अणुवीज केंद्र चालू आहे आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुविधाही तिथे आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्याला साक्षीदारांच्या सह्यांनिशी नावबदलाचा लेख करावा लागतो, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि भारताच्या राजपत्राच्या भाग चारमध्ये सूचना प्रसिद्ध करावी लागते. राज्याचे राजपत्र त्याच्या सेवापुस्तकाला पुरत नाही.

कामगार, आदिवासी आणि नामपद्धती : मराठी रिवाजात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशातून आलेल्या कामगाराच्या मूळ कागदांवर पुष्कळदा वडिलांचे नाव मधे नसते. कधी आडनावाच्या जागी कुमार वा देवी एवढेच असते. इथल्या कार्यालयाच्या तीन रकाने असलेल्या अर्जात ते नाव भरताना वडिलांचे नाव मधे बसते आणि नवा माणूस तयार होतो. फरक उघडकीला येतो तो भविष्यनिर्वाह निधी काढताना. आधारवरचे नाव आणि निधीच्या खात्यावरचे नाव जुळले नाही की पैसे अडकतात. अशा वेळी मालक आणि कामगार यांनी मिळून संयुक्त घोषणापत्र देण्याची सोय आहे, आणि किरकोळ फरकासाठी तेवढे पुरते. राजपत्राचा खर्च करण्याआधी ते करून पाहावे. कंपनी बंद पडलेली असली किंवा ठेकेदार बदललेला असला, तर सही करणारा मालकच सापडत नाही. औद्योगिक क्षेत्रातल्या ठेकेदारी कामगाराचे खरे दुखणे हे आहे आणि राजपत्र त्यावर अर्धाच इलाज आहे.

वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी या समाजांत प्रश्नाचे रूप निराळे आहे. सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी जन्मवारावरून ठेवलेली नावे जुन्या पिढीत ऐकू येतात. डहाणू तालुक्यातील ख्यातनाम वारली चित्रकार, २०११ चे पद्मश्री जिव्या सोमा मशे यांच्या नावात वडिलांचे 'सोमा' हे नाव तसेच उभे आहे. शाळेत मंगळ्याचा मंगेश झाला, शिधापत्रिकेवर मंगळ्याच राहिला आणि वनहक्काच्या दाव्यावर तिसरेच काही लिहिले गेले, तर एका माणसाचे तीन होतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावा, सातबारावरील वारसनोंद, जात पडताळणी या साऱ्यांत याचा फटका बसतो. अणुवीज प्रकल्पाच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण येथील कुटुंबांचे पुनर्वसन झाले. प्रकल्पग्रस्त दाखल्यावरचे नाव वारसाच्या कागदांशी जुळणे तिथेही महत्त्वाचे असते. या लोकांवर नाव 'सुधारून' घेण्याचा दबाव येऊ नये असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. नावात चूक नसते. चूक लिहिणाऱ्याने केलेली असते आणि ती जिथे झाली त्या कार्यालयाने दुरुस्त करावी. जन्मनोंदीतील चुकीसाठी जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ मध्ये दुरुस्तीची तरतूद आहे, आणि नावाशिवाय झालेल्या जन्मनोंदीत १५ वर्षांपर्यंत नाव घालता येते.

विवाह नोंदणी : भारतात लग्न करण्यासाठी सर्वसाधारणपणे परवाना लागत नाही. धर्माच्या वा समाजाच्या रीतीने लग्न लागते आणि मग त्याची नोंद होते. जुन्या मुंबई राज्यात त्यासाठी १९५३ चा विवाह नोंदणी कायदा होता. त्याची जागा महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ या कायद्याने घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनीकुमार प्रकरणात देशभर नोंदणी सक्तीची करण्यास सांगितले, तेव्हा महाराष्ट्रात ती व्यवस्था आधीपासून होती.

विवाहाचे ज्ञापन नमुना 'ड' मध्ये भरतात. त्यावर वर, वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारा पुरोहित, काझी वा अन्य व्यक्ती यांच्या सह्या लागतात. लग्नाची पत्रिका, वयाचे व रहिवासाचे पुरावे आणि छायाचित्रे जोडतात. मुदत ९० दिवसांची. नंतरही विलंब शुल्क भरून नोंद होते. नमुना 'ई' मधले प्रमाणपत्र हातात पडते. गावात हे काम ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) करतो. बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तोच असल्याने वयाचा दाखला तपासण्याची त्याची जबाबदारी दुहेरी आहे: मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा हवा.

वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणून विधी चालवणारी धवलेरी असते. कष्टकरी आदिवासी कुटुंबांत लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपी एकत्र राहू लागतात, मुले होतात आणि विधी मागाहून, कधी सामुदायिक विवाहसोहळ्यात उरकतात. अशा घरात विवाहाची तारीख पहिल्या मुलाच्या जन्मतारखेनंतरची येते. कागद पाहणाऱ्या कारकुनाला ते विचित्र वाटले, तरी समाजाला त्यात वावगे वाटत नाही. पतीचा अकस्मात मृत्यू झाल्यावर, विशेषतः कारखान्यातील अपघातानंतर, भरपाई आणि निवृत्तिवेतनासाठी बाईकडे प्रमाणपत्र मागितले जाते. नोंदणीचे महत्त्व तेव्हा कळते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

लग्नानंतर बाईने नाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. तांदळाच्या ताटात नवे नाव लिहिण्याचा विधी रिवाजाचा आहे. जिला नवे नाव घ्यायचे आहे तिचे बरेचसे काम विवाह प्रमाणपत्रावर होते. पहिले नावही बदलले असेल तर राजपत्र लागते. जिला माहेरचे नाव ठेवायचे आहे तिने काहीच करायचे नसते, आणि हे तिला कार्यालयात कोणीतरी सांगायला हवे.

विशेष विवाह कायद्याची सूचना : आंतरधर्मीय जोडप्यांना आणि नोंदणी पद्धतीने लग्न करू इच्छिणाऱ्यांना विशेष विवाह अधिनियम, १९५४ चा आधार आहे. इथे मात्र सूचना आधी, लग्न नंतर. दोघांपैकी एकजण किमान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहिला असेल, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे सूचना द्यायची. ती विवाह सूचना पुस्तकात नोंदली जाते आणि कार्यालयात ठळक जागी लावली जाते. ३० दिवसांत आक्षेप घेता येतो. पूर्वीचा हयात जोडीदार, कमी वय, निषिद्ध नाते यांसारख्या कायद्यात सांगितलेल्या अटींचा भंग एवढाच आक्षेपाचा आधार असू शकतो. आई-वडिलांची नापसंती हा आक्षेप नव्हे. सूचनेपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर सूचना बाद होते. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभाग पाहतो.

नावबदलाची सूचना माणूस आपल्या सोयीसाठी जाहीर करतो. ही सूचना मात्र त्याच्या इच्छेविरुद्ध भिंतीवर लागते, आणि घरच्यांचा विरोध असलेल्या मुलीला तो महिना धोक्याचा ठरू शकतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर ठेवली. महाराष्ट्रात जुनी रीत चालू आहे. ती बदलली पाहिजे. वय आणि पूर्वीचा विवाह तपासण्यासाठी अधिकाऱ्याकडे कागद असतात, त्यासाठी पत्ता टांगण्याचे कारण नाही.

वसईच्या ख्रिस्ती समाजासाठी १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम लागू आहे. गोव्याची पद्धत याहून वेगळी: तिथे वधूवर नागरी निबंधकापुढे आधी विवाहाचा इरादा नोंदवतात आणि नंतर पुन्हा जाऊन तो पक्का करतात. नाव बदलण्यासाठीही गोव्यात १९९० चा स्वतंत्र कायदा आहे.

अलीकडचे बदल : तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या ओळख प्रमाणपत्रावर पहिले नाव सर्व शासकीय कागदांत बदलता येते, पालघरमध्ये ते काम बोईसर रस्त्यावरील कोळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आईचे नाव शासकीय कागदपत्रांत बंधनकारक केले. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नोंद बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने होते. अनाथ मुलांसाठी सवलत आहे. एका घरात थोरल्या भावाचे नाव तीन पदांचे आणि धाकट्या बहिणीचे चार पदांचे, अशी पिढी आता बोईसरच्या शाळांच्या पटावर येईल. तिच्या शिधापत्रिका, बँकखाती आणि वारसनोंदी भरणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला दोन्ही रीती ग्राह्य धराव्या लागतील.