रघुनाथ नारायण हणमंते : एक उपेक्षित विद्वान मुत्सद्दी

करवीर परिसरात 'अमात्य' म्हटले की आज्ञापत्रकार रामचंद्रपंत आठवतात. रघुनाथ नारायण हणमंते यांचे नाव मात्र कर्नाटक-मोहिमेच्या ओघात येते आणि मोहिमेबरोबरच मागे पडते. यास नामसाधर्म्यही काही अंशी कारणीभूत असावे. १६६६ मध्ये आग्र्यास अटकेत पडलेले वकील रघुनाथ बल्लाळ कोरडे आणि नलदमयंतीचे आख्यान रचणारे कवी रघुनाथ पंडित यांच्याशी त्यांची गल्लत होत आली आहे.

वडील नारोपंत शहाजीराजांच्या सेवेत कर्नाटकात होते. रघुनाथपंतांनीही प्रथम तंजावरास व्यंकोजीराजांचा कारभार पाहिला. पुढे बेबनाव झाल्याने ते शिवाजी महाराजांकडे आले.

१६७४ च्या राज्याभिषेकसमयी पेशव्याचा पंतप्रधान व मुजुमदाराचा अमात्य झाला. 'राज्यव्यवहारकोश' हे याच धोरणाचे विस्तृत रूप होय. रघुनाथपंतांच्या प्रेरणेने सिद्ध झालेल्या या पद्यबद्ध कोशाच्या रचनेत धुंडिराज लक्ष्मण व्यास यांचा प्रमुख सहभाग मानला जातो. दहा वर्गांत विभागलेल्या या ग्रंथात फारसी व दख्खनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग ही नावेच सांगतात की, हा पंडितसभेपुरता ग्रंथ नव्हे. किल्ला, दफ्तर आणि बाजारपेठ डोळ्यांपुढे ठेवून तो रचला आहे. प्रत्यक्षात सनद, दफ्तर, किल्लेदार हे शब्द हटले नाहीत. १७१५ च्या आज्ञापत्राची भाषाही फारसीमुक्त नाही. तथापि कोशाचे मोल केवळ रुळलेल्या शब्दांवरून ठरविणे अन्यायाचे होईल. राज्याची स्वतंत्र परिभाषा असावी, हा विचारच त्या काळी धाडसाचा होता.

कर्नाटकाची खडान्‌खडा माहिती ही त्यांची दुसरी शिदोरी. १६७७ मध्ये महाराजांनी कुत्बशाहीशी सख्य करून जिंजी घेतली, वेलोरला वेढा घातला आणि परतताना नव्या मुलखाच्या व्यवस्थेत रघुनाथपंतांवर मोठी जबाबदारी सोपविली. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्यंकोजीराजांशी लढाई झाली. पूर्वीच्या धन्याविरुद्ध उभे राहण्याचा तो प्रसंग पंतांना सुखाचा नसणार. विजयानंतर मात्र दोघा बंधूंत जो तह झाला, त्यात मध्यस्थी त्यांचीच होती. तंजावरचे राज्य व्यंकोजीराजांकडेच राहिले.

संभाजी महाराजांच्या हत्येनंतर १६८९ मध्ये राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघाले, ते याच जिंजीच्या आश्रयास. १६९८ पर्यंत तो किल्ला मोगलांना दाद देत नव्हता.