राजदरबारापासून दिवाणखान्यापर्यंत

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ माझ्याकडे आले. मुलीला पियानो शिकायचा होता. मुंबईत एक जुना पियानो अल्प किमतीत मिळत होता. तो घ्यावा का, असा त्यांचा प्रश्न होता. वाद्य कोरीव, पितळी मेणबत्तीदाने लावलेले, देखणे होते. ‘घ्या’ असे मी म्हणणारच होतो. परंतु काही वर्षांपूर्वीची एक आठवण आड आली. अशाच एका सूर न धरणाऱ्या पियानोवर सहा महिने बसून एका मुलाने ‘मला संगीत येणारच नाही’ असा निष्कर्ष काढला होता. दोष वाद्याचा, दूषण मात्र मुलाच्या बोटांना! म्हणून या वाद्याची कुळकथा सांगण्याचा हा प्रपंच.

पियानोचा जन्म राजाश्रयाने झाला. फ्लॉरेन्स येथील मेडिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने इ. स. १७०० च्या सुमारास तो घडविला. तत्पूर्वीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तारा छेडल्या जात. बोट हळू पडो वा जोरात, आवाजात फारसा फरक पडत नसे. क्रिस्तोफोरीने छेडण्याऐवजी लहानशा हातोडीचा आघात योजला आणि आघात होताच ती मागे सरेल अशी व्यवस्था केली. मृदू आणि मोठा असे दोन्ही आवाज काढणारे, म्हणून त्याचे नाव ‘पियानो-फोर्ते’. त्याच्या हातचे केवळ तीन पियानो आज न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिग येथे जतन केलेले आहेत.

हे वाद्य मध्यमवर्गाच्या घरी पोहोचविण्याचे मोठे श्रेय लंडनमध्ये स्थायिक झालेल्या योहानेस झुंपे या जर्मन कारागिराला जाते. १७६६ च्या सुमारास त्याने मेजाच्या आकाराचे, साध्या रचनेचे चौकोनी पियानो बनविण्यास आरंभ केला. थोर योहान सेबास्टियन बाख यांचे धाकटे चिरंजीव योहान ख्रिस्तियन हे तेव्हा लंडनमध्येच होते. १७६८ मध्ये त्यांनी जाहीर कार्यक्रमात पियानोचे एकलवादन केले. त्याच सुमारास त्यांच्या खात्यातून झुंपेला ५० पौंड दिल्याची नोंद आढळते.

पुढील शतकात दोन मोठे बदल झाले. एक म्हणजे वाद्य उभे राहिले. १८११ मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉर्नम याने बेताच्या उंचीचा उभा पियानो बनविला आणि तो भिंतीलगत मावू लागला. दुसरा बदल लोखंडाचा. पियानोच्या तारांचा एकत्रित ताण आज पंधरा ते वीस टनांपर्यंत जातो. एवढा भार निव्वळ लाकडी चौकट पेलत नाही. १८२५ मध्ये बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉक याने अखंड ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. पुढे हप्तेबंदीची सोय झाली आणि शिक्षकाच्या, कारकुनाच्या घरीही पियानो आला.

परंतु जितके नवे पियानो बनले, तितके जुने साठत गेले. १९०४ मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे व्यापाऱ्यांनी जुन्या चौकोनी पियानोंची चक्क होळी केली! या कृत्यामागे धंद्याची जाहिरात होती. तरीही एक सत्य त्यातून उघड झाले. जुने व्हायोलिन वयाबरोबर मोल मिळविते; पियानो मात्र झिजतो. त्यात हजारो लहान भाग असतात. नमदा कसरीच्या तोंडी जातो, लाकूड सुकते, तारा गंजतात. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तर वाळवी आणि गंज यांना आमंत्रणच!

या इतिहासातूनच खरेदीदाराने शहाणपण घ्यावे. कोरीव काम आणि मेणबत्तीदाने वाद्याचे वय सांगतात, प्रकृती नव्हे. आतला अनुक्रमांक पाहावा. त्यावरून निर्मितीचे वर्ष बहुधा कळते. चौकट संपूर्ण लोखंडी आहे का, तिला तडा नाही ना, हे तपासावे. तारांच्या खुंट्या ज्या लाकडात रोवलेल्या असतात ते सैल झाले असेल, तर सूर लावूनही टिकत नाही. मुलाला बेसूर करणारा दोष बहुधा हाच. प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून पाहावी. अनुभवी ट्यूनरला सोबत न्यावे. त्याची फी हा खर्च नव्हे, विमा आहे. मागितलेल्या किमतीत वाहतूक, दुरुस्ती आणि वर्षातून किमान एकदा सूर लावण्याचा खर्च मिळवावा. मग ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ उमगतो. तेवढी ऐपत नसेल, तर वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेण्यात कमीपणा नाही.

त्या गृहस्थांनी ट्यूनरला नेले. निम्म्या खुंट्या सैल निघाल्या. त्यांनी तो देखणा पियानो तिथेच ठेवला आणि चार महिने थांबून साधा, नक्षी नसलेला, परंतु सूर धरणारा जुना पियानो घरी आणला. परवा त्यांच्या दारावरून जाताना मुलीचा सराव कानी पडला. ती चुकत होती; पण त्या चुका तिच्या स्वतःच्या होत्या, आणि म्हणूनच सुधारण्याजोग्या होत्या.